जिवाणूंना औषधाची ‘सवय’ होत नाही

प्रश्न तीन भागांत आला आहे. अँटिबायोटिक सारखं सारखं घेतलं की जिवाणूंना त्याची सवय होते आणि ते स्वतःत बदल करून घेतात, असं सगळीकडे ऐकू येतं. पण एका पेशीच्या जिवाला कोणता बदल करायचा हे कळतं कसं? कोर्स अर्धवट सोडल्यामुळेच हे घडतं का? आणि एखादं औषध काही वर्षं वापरायचंच नाही असं ठरवलं, तर जिवाणू पुन्हा पहिल्यासारखे होतील का?

पहिल्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकतो: त्याला काहीही कळत नाही, आणि कळायची गरजही पडत नाही. बाकीचं जरा सावकाश सांगावं लागेल.

मी क्लिनिकल मायक्रोबायॉलॉजीत आहे. रुग्णांच्या लघवीतून, रक्तातून, पुवातून जिवाणू वाढवायचे आणि त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते पाहायचं, यात वीसेक वर्षं गेली. ‘सवय झाली’ असं डॉक्टरही म्हणतात, घाईत असलो की मीही म्हणतो. पण सगळा घोटाळा त्या एका शब्दात आहे. सवय एकाच जिवाला होते. रोज पिणाऱ्याला तेवढ्याच दारूने चढेनाशी होते, ती सवय: माणूस तोच, शरीर बदललं. जिवाणूंच्या बाबतीत औषधाने मेलेली पेशी वेगळी आणि औषध सोसून राहिलेली पेशी वेगळी. मेलेली काही शिकली नाही, आणि जगलेलीही काही शिकली नाही. ती औषध यायच्या आधीपासूनच निराळी होती. तिच्याच लेकी-नातींनी जागा भरून काढली, म्हणून आपल्याला वाटतं की ‘जिवाणू बदलले’. बदलली ती वस्ती. (हाताशी आहे म्हणून आणखी एक: ‘माझ्या शरीरावर आता अँटिबायोटिक चालत नाही’ असं म्हणणारे भेटतात. शरीराचा इथे संबंध नाही. औषधाला दाद देत नाही तो जिवाणू, आणि तो उद्या दुसऱ्याच्या शरीरात गेला तरी तिथेही दाद देणार नाही.)

ती एक पेशी आधीपासून निराळी कशी काय असते, हे समजायला थोडा हिशेब करावा लागतो, आणि माझ्या मते हा हिशेब एकदा स्वतः केला की निम्मा विषय संपतो. ई. कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा जिवाणू घ्या. त्याच्या डीएनएत सुमारे ४६ लाख अक्षरजोड्या आहेत. पेशी दोन होताना ही सगळी नक्कल उतरवली जाते, आणि ती विलक्षण अचूक असते: ढोबळमानाने हजार विभाजनांत एखादी चूक राहून जाते. एवढी कमी चूक, मग काळजी कसली? आता संख्या पाहा. पोषक द्रव आणि योग्य ऊब मिळाली तर हा जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो. दहा तासांत तीस पिढ्या, म्हणजे एका पेशीच्या १०० कोटींहून जास्त. दहा मिलिलिटरच्या साध्या नळीत रात्रभर वाढवलं की सकाळी सुमारे १००० कोटी पेशी मिळतात. तिथवर यायला विभाजनंही जवळपास तितकीच झालेली असतात. हजारात एक चूक धरली तर त्या नळीत सुमारे एक कोटी चुका झाल्या. अक्षरं ४६ लाख. म्हणजे सरासरीने प्रत्येक अक्षराच्या वाट्याला दोन बदल आले, एका रात्रीत, एका नळीत, औषधाचा थेंबही न घालता.

या चुकांना आपण उत्परिवर्तनं म्हणतो. त्यातली बहुतेक कुचकामी किंवा घातक. पण एखादी अशी असते की जिथे औषध चिकटतं नेमका तोच प्रथिनाचा कोपरा तिने थोडा वाकडा केलेला असतो. औषध नसताना त्या पेशीला त्याचा काडीचा उपयोग नसतो. बहुधा थोडा तोटाच असतो. ती गर्दीत हरवून जाते. औषध आलं की मात्र गर्दीच नाहीशी होते, आणि सगळं अन्न, सगळी जागा तिला एकटीला मोकळी मिळते. नैसर्गिक निवड म्हणतात ती एवढीच. कुणी निवडणारा नाही. चाळणीत उरलं ते उरलं.

‘पण हे बदल औषधामुळेच झाले नाहीत कशावरून?’ हा आक्षेप रास्त आहे. एकेकाळी नामवंत शास्त्रज्ञांमध्येही यावर वाद होता. त्याचा निकाल लावणारा प्रयोग १९४३ सालचा, साल्वादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांचा. त्यांनी औषधाऐवजी जिवाणू मारणारा विषाणू वापरला होता, पण प्रश्न हाच होता. लुरियांना त्याची युक्ती सुचली ती इंडियाना विद्यापीठातल्या एका नाचाच्या कार्यक्रमात, एक सहकारी जुगाराच्या यंत्रात नाणी टाकत होता ते पाहताना. बहुतेक वेळा काही नाही, आणि मध्येच एकदम नाण्यांचा पाऊस. लुरियांनी बरोबर तोच नमुना जिवाणूंत शोधला.

युक्ती अशी. मोजक्या पेशींपासून सुरुवात करून पुष्कळ छोट्या नळ्या वेगवेगळ्या वाढवायच्या, आणि मग प्रत्येक नळी विषाणू पसरलेल्या स्वतंत्र प्लेटवर ओतायची. विषाणू भेटल्यावर जिवाणू बदलत असतील, तर प्रत्येक प्लेटवर संधी सारखीच. वाचलेल्यांची संख्या थोडीफार इकडेतिकडे, पण साधारण एकसारखी यायला हवी. उलट बदल आधीच, वाढता वाढता, कधीही होत असतील, तर तो कुठल्या पिढीत झाला यावर सगळं ठरेल. एखाद्या नळीत तो अगदी सुरुवातीला झाला असेल तर त्याची शेकडो वंशजं. शेवटच्या पिढीत झाला असेल तर एखाददुसरी पेशी. झालाच नसेल तर शून्य. प्रत्यक्षात आलं ते हेच: बऱ्याच प्लेटवर काहीच नाही किंवा अगदी थोडं, आणि मध्येच एखादी खच्चून भरलेली. नाण्यांचा पाऊस. बदल आधी, परीक्षा नंतर.

तरीही गणितावर विश्वास न ठेवणारे असतात. त्यांच्यासाठी जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये जे केलं ते मला आजही जास्त देखणं वाटतं, कारण त्यात आकडेमोडच नाही. लाकडी ठोकळ्यावर मखमल ताणायची, जिवाणूंच्या वसाहती वाढलेल्या प्लेटवर तो शिक्का हलकेच दाबायचा आणि मग औषध घातलेल्या प्लेटवर उमटवायचा. मखमलीच्या केसांवरून वसाहती आपापल्या जागी उतरतात. स्ट्रेप्टोमायसिनच्या प्लेटवर एखाद्याच जागी वाढ दिसते. आता मूळ प्लेटवर, जिला औषधाचा वारासुद्धा लागलेला नाही, त्याच जागचे जिवाणू उचलायचे आणि वाढवायचे. पुन्हा पुन्हा तसं केलं की औषधाला दाद न देणारा वंश हाती येतो. त्या वंशातल्या एकाही पेशीची औषधाशी गाठ पडलेली नसते.

आमच्या रोजच्या कामातही हे दिसतं. प्लेटवर जिवाणूंचा गालिचा वाढवायचा आणि त्यावर औषधात भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या. औषध चालत असेल तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं. कधीकधी त्या स्वच्छ वर्तुळात, अगदी एकटीच, एक टपोरी वसाहत उभी असते. नवखे विद्यार्थी ती बाहेरून पडलेली घाण समजून सोडून देतात. तिला नुसतं सोडायचं नसतं. ती उचलून, स्वतंत्र वाढवून, पुन्हा तपासायची असते; कारण पुष्कळदा ती घाण नसून याच हिशेबातली ती पेशी असते, आता लाखो झालेली.

एक पुस्ती जोडायला हवी, नाहीतर जाणकार मला धरतील. काही औषधं, विशेषतः डीएनएला इजा करणारी, जिवाणूंत संकटकाळची दुरुस्ती यंत्रणा जागी करतात, आणि ती यंत्रणा जरा गबाळी असल्याने नकलेतल्या चुका वाढतात. काही वंशांत तर दुरुस्तीचं जनुकच बिघडलेलं असतं, त्यांची चूक करण्याची गतीच जास्त. पण चुका वाढल्या म्हणजे त्यांना दिशा आली असं नाही. लॉटरीची तिकिटं जास्त विकत घेतली, तरी सोडत काढणाऱ्याला तुमचं नाव ठाऊक नसतं.

दाद न देण्याचे, म्हणजे प्रतिरोधाचे, मार्ग फार नाहीत. औषध आत येऊच न देणं, म्हणजे पापुद्र्यातली दारं कमी करणं. आत आलेलं पंपाने बाहेर फेकणं. औषधाचे तुकडे करणारं विकर (एन्झाइम) बनवणं, पेनिसिलिनच्या बाबतीत होतं तसं. किंवा औषध जिथे बसतं ती जागाच बदलणं. पाठ्यपुस्तकात हे चार खाने असतात आणि परीक्षेत तेवढेच विचारतात. माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे: पूर्ण प्रतिरोध पुष्कळदा एका उडीत येत नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिन घ्या. ई. कोलायमध्ये गायरेज या विकरात एक बदल झाला की औषध थोडं कमी लागू पडतं, रुग्ण तरीही बरा होऊ शकतो. त्याच पेशीच्या वंशात दुसऱ्या लक्ष्यात बदल, मग पंप जास्त चालू, असं करत करत एक दिवस गोळी निष्फळ होते. प्रत्येक पायरीवर पुन्हा तीच चाळणी.

या पायऱ्या डोळ्यांनी पाहायच्या असतील तर २०१६ मध्ये हार्वर्डमधल्या मायकेल बेम आणि रॉय किशोनी यांच्या गटाने केलेला प्रयोग जरूर पाहावा. त्यांनी १२० सेंटीमीटर लांब आणि ६० सेंटीमीटर रुंद असं एक अवाढव्य ताट बनवलं. कडेला औषध नाही, मग आत जाताना थोडं, मग दहापट, मग शंभरपट, आणि मधोमध हजारपट. दोन्ही कडांना ई. कोलाय सोडले. ते पसरत आले आणि पहिल्या सीमेवर थबकले. मग एका ठिकाणाहून एक पंखा फुटला: एका पेशीत बदल झाला होता, तिचे वंशज आत शिरले. पुढच्या सीमेवर पुन्हा थबकणं, पुन्हा पंखा. दोन आठवड्यांच्या आत ते मधल्या पट्ट्यात होते. मधल्या पायऱ्या काढून कडेवरून थेट सर्वांत तीव्र पट्ट्याशी गाठ घातली, तेव्हा मात्र त्यांना आत शिरता आलं नाही. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट बातम्यांत फारशी आली नाही: आघाडीवर असलेले जिवाणू सर्वांत चिवट नव्हतेच. जास्त चिवट काही पेशी मागे गर्दीत अडकल्या होत्या. संशोधकांनी त्यांना उचलून पुढे ठेवलं तेव्हा त्या पुढे निघाल्या. निवड ‘सर्वोत्तमाची’ होते असं म्हणतात. होते ती त्या वेळी, त्या जागी असलेल्यांपैकी चालून जाणाऱ्याची.

पायऱ्यांचा क्रमही वाटेल तसा चालत नाही. पेनिसिलिन तोडणाऱ्या एका विकरात पाच विशिष्ट बदल झाले तर सेफोटॅक्सिम या औषधाविरुद्धची ताकद लाखपट होते. पाच बदल एकामागून एक करायचे तर क्रम १२० होतात. डॅनियल वाइनरिच आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की त्यातल्या फक्त १८ वाटांवर प्रत्येक पाऊल फायद्याचं पडतं. उरलेल्या १०२ वाटांवर कुठेतरी एक पाऊल असं येतं की तिथे हाती काहीच लागत नाही किंवा उलट तोटा होतो, आणि निवड तिथेच थांबते. पुढे फायदा आहे म्हणून आज तोटा सोसू, असं जिवाणूला करता येत नाही. त्याला ‘कळतं’ असं म्हणणाऱ्यांना मी ही १०२ बंद दारं दाखवतो.

याच हिशेबावर क्षयाचा उपचार उभा आहे. १९४८ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने स्ट्रेप्टोमायसिनची प्रसिद्ध चाचणी छापली. पहिल्या सहा महिन्यांत औषध घेणारे रुग्ण स्पष्टपणे सुधारले, आणि नंतर त्यातले बरेच पुन्हा ढासळले. त्यांच्या थुंकीतले जिवाणू आता स्ट्रेप्टोमायसिनला दाद देत नव्हते. फुप्फुसातल्या एका पोकळीत क्षयाचे १० कोटी जिवाणू सहज असतात. आयसोनियाझिड न मानणारी पेशी साधारण १० लाखांत एक, रिफाम्पिसिन न मानणारी साधारण १० कोटींत एक. एकटं आयसोनियाझिड द्या: शंभरेक पेशी आधीच तयार बसलेल्या. दोन्ही एकदम द्या: दोन्हींना पुरून उरणारी पेशी १०० लाख कोटींत एक, म्हणजे त्या पोकळीत जवळजवळ अशक्य. दोन-तीन-चार औषधं एकत्र देतात ती यासाठी. एक औषध ‘कमी पडतं’ म्हणून नव्हे. आणि क्षयात एकेक औषध बदलून पाहणं इतकं घातक का, हेही यातूनच कळतं. ते म्हणजे त्या बेमच्या ताटावर आपल्या हाताने पायऱ्या बांधून देणं.

इथपर्यंतचं सगळं एका पेशीच्या स्वतःच्या चुकांचं झालं. पण रुग्णालयात आम्हाला खरा घाम फोडतो तो दुसरा प्रकार, उसनवारीचा. १९५०च्या दशकात जपानमध्ये अतिसाराचे जिवाणू एकाच वेळी चार औषधांना दाद देईनासे झाले: सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल. वरचा गुणाकार करून पाहा. चार स्वतंत्र चुका एकाच पेशीत जमून येणं बसतच नाही. शिवाय त्याच रुग्णांच्या आतड्यातल्या निरुपद्रवी ई. कोलायमध्येही तेच चार प्रतिरोध सापडत होते. १९५९ मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं की हा गुण एका जिवाणूतून दुसऱ्यात जातो. प्लाझ्मिड नावाचं डीएनएचं छोटं वर्तुळ असतं; दोन पेशी जवळ आल्या की एक नळी जोडली जाते आणि त्या वर्तुळाची नक्कल पलीकडे पोचते. वेगळ्या जातीच्या जिवाणूंतही. चार जनुकं एकाच वर्तुळावर बसलेली असली की चारही एकदम जातात. आयत्या बिळावर नागोबा म्हणावं तसं: खोदण्याचे कष्ट कुणा दुसऱ्याच्या पूर्वजाने उपसलेले.

मग मूळ जनुकं आली कुठून? अँटिबायोटिक हा माणसाचा शोध असला तरी बरीचशी अँटिबायोटिकं मुळात माणसाची निर्मिती नाहीत. मातीतल्या बुरशा आणि जिवाणू ती कोट्यवधी वर्षं बनवत आले आहेत, त्यामुळे त्यांची तोडही तितकीच जुनी. कॅनडातल्या युकॉनमधल्या ३०,००० वर्षं गोठलेल्या जमिनीतून टेट्रासायक्लिन, व्हँकोमायसिन आणि पेनिसिलिनच्या कुळातली औषधं न मानणारी जनुकं मिळाली. ते संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. पेनिसिलिन तोडणारं विकर ऑक्सफर्डमधल्या अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्ये नोंदवलं, आणि त्याच गटाने पेनिसिलिनचा पहिला आजारी रुग्ण उपचाराला घेतला तो १९४१च्या फेब्रुवारीत. मेथिसिलिनची गोष्ट तर त्याहून गमतीची. पेनिसिलिनच्याच कुळातलं ते औषध १९५९ मध्ये आलं आणि १९६१ मध्ये त्याला न मानणारे स्टॅफिलोकॉकस (कातडीवर, नाकात राहणारे जिवाणू) ब्रिटनमध्ये नोंदले गेले. सगळ्यांनी औषधाला दोष दिला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मात्र दिसलं की अशा जिवाणूंची एक शाखा हेजहॉग या छोट्या काटेरी प्राण्याच्या अंगावर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच नांदत होती, कारण त्याच्या कातडीवरची एक बुरशी पेनिसिलिनच्या जातीची द्रव्यं बनवते. चाळणी बुरशीने लावली होती, आम्ही नंतर आलो.

याचा अर्थ माणूस निर्दोष असा मुळीच नाही. जनुक असणं वेगळं आणि ते पसरणं वेगळं. कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतलं औषध; चीनमध्ये ते डुकरांच्या खाद्यात टनांनी घालत असत. २०१५ मध्ये तिथे एमसीआर-१ हे जनुक प्लाझ्मिडवर बसलेलं सापडलं, जनावरांतही आणि माणसांतही. कुठल्यातरी जिवाणूत कोपऱ्यात पडलेल्या जनुकाला एवढी मोठी चाळणी मिळाली की त्याने जग पाहिलं. शिवाय निवडीला मारक डोसच लागतो असंही नाही. जिवाणू मरत नाहीत, फक्त किंचित मंदावतात, एवढ्या अल्प मात्रेतही प्रतिरोधक पेशी हळूहळू वरचढ होते, हे प्रयोगशाळेत अनेकदा दिसलेलं आहे. म्हणून सांडपाण्यातलं अँटिबायोटिकही नगण्य नसतं.

आता कोर्स. ‘पूर्ण करा, नाहीतर उरलेले जिवाणू प्रतिरोधक होतील’ हे वाक्य मी स्वतः वर्षानुवर्षं सांगितलं आहे, आणि आता ते जपून सांगतो. ते आलं कुठून याचा एक धागा अलेक्झांडर फ्लेमिंगच्या १९४५च्या नोबेल व्याख्यानात आहे. त्यात त्याने एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली: घसा दुखतो म्हणून तो अपुरं पेनिसिलिन घेतो, जिवाणू मरत नाहीत पण ‘शिकतात’, आणि मग त्याच्या बायकोला तोच संसर्ग होतो. पाहा, ‘सवय’ या शब्दाचा भाऊ तिथेही आहे. आणि नियतीची थट्टा अशी की घसा दुखवणारा तो स्ट्रेप्टोकॉकस हा पेनिसिलिनला आजही मानणाऱ्या मोजक्या जिवाणूंपैकी एक आहे. ऐंशी वर्षं कोट्यवधी लोकांनी अर्धवट कोर्स केले असतील, तरी तो ‘शिकला’ नाही. का, याचं उत्तर पुन्हा चाळणीत नाही तर चाळणीत काय पडलं त्यात: योग्य तो बदलच त्याला परवडणारा मिळालेला दिसत नाही.

मला वाटतं, लोकांच्या मनातलं चित्रच चुकीच्या जागी रोखलेलं आहे. सगळे घशातल्या नाहीतर मूत्राशयातल्या दोषी जिवाणूकडे पाहतात. पण तोंडाने घेतलेली गोळी पूर्ण शरीरात फिरते, आणि शरीरात राहणारे जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी, बहुतेक आतड्यात. सुक्याबरोबर ओलंही जळतं. ज्या जिवाणूसाठी औषध दिलं तो कदाचित तिसऱ्या दिवशी संपला असेल. पुढचे चार दिवस निवड चालू राहते ती या निरपराध गर्दीवर. तिथे प्रतिरोधक ई. कोलाय वरचढ होतात, तिथेच प्लाझ्मिडची देवाणघेवाण होते, आणि काही महिन्यांनी त्यातलाच एक मूत्रमार्गात शिरतो. म्हणून ‘जास्त दिवस घेतलं की प्रतिरोध टळतो’ हे बहुतेक साध्या संसर्गांत उलटंच पडतं. २०१७ मध्ये काही ब्रिटिश तज्ज्ञांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हेच मांडलं तेव्हा मोठी चर्चा झाली होती. आज अनेक संसर्गांत पाच दिवसांचा कोर्स दहाइतकाच गुणकारी ठरला आहे. क्षय याला ठाम अपवाद. तिथे दोषी जिवाणूच हळू वाढणारा, संख्येने प्रचंड आणि स्वतःच्या उत्परिवर्तनांवर चालणारा आहे. तिथे मध्येच सोडणं म्हणजे संकटच. हृदयाच्या झडपांचे, हाडांचे संसर्गही तसेच चिवट. तेव्हा किती दिवस हे डॉक्टर ठरवतील. बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने थांबवू नका, पण ‘लवकर थांबवता येईल का?’ हा प्रश्न त्यांना जरूर विचारा. तो आगाऊपणा नाही.

या ठिकाणी हमखास एक गोंधळ होतो. औषध संपल्यावर पुन्हा डोकं वर काढणारा प्रत्येक जिवाणू प्रतिरोधक नसतो. जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्ये पाहिलं की पेनिसिलिनने स्टॅफिलोकॉकसची नळी कधी पूर्ण निर्जंतुक होत नाही. दहा लाखांत एखादी पेशी निपचित पडून राहते. वाढतच नसल्याने वाढत्या पेशींवरच चालणारं औषध तिचं काही बिघडवू शकत नाही. ती नंतर जागी झाली की तिची प्रजा पुन्हा पेनिसिलिनने मरते, पूर्वीइतकीच. जनुक बदललेलं नाही, फक्त ती झोपेत होती. रिपोर्टवर ‘औषध चालतं’ असं असूनही आजार उलटतो, त्यामागे कधीकधी या झोपाळू पेशी असतात.

शेवटचा प्रश्न: औषध बंद ठेवलं तर? तर्क असा की प्रतिरोधाची किंमत असते. वाकवलेलं प्रथिन मूळ कामात थोडं अडखळतं, प्लाझ्मिड सांभाळायला ऊर्जा लागते. औषध नसेल तर साधे जिवाणू जरा जास्त वेगाने वाढून पुन्हा बहुसंख्य होतील. काही वेळा तसं होतंही. फिनलंडमध्ये एरिथ्रोमायसिनच्या कुळातल्या औषधांचा वापर देशभर कमी केला, तेव्हा घशातल्या स्ट्रेप्टोकॉकसमधलं त्या औषधाला न मानण्याचं प्रमाण १९९२ मधल्या १६.५ टक्क्यांवरून १९९६ मध्ये ८.६ टक्क्यांवर आलं.

पण मी यावर फार भिस्त ठेवत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. एक कारण असं की अडखळणाऱ्या पेशीतही नवनव्या चुका होतच असतात, आणि त्यातली एखादी अडखळणं दूर करते, प्रतिरोध तसाच ठेवून. स्ट्रेप्टोमायसिन न मानणाऱ्या ई. कोलायवर १९९०च्या दशकात झालेल्या प्रयोगांत हे छान दिसलं: औषधाविना वाढवत नेल्यावर जिवाणू मूळपदावर आले नाहीत, त्यांनी भरपाई करून घेतली. आणि एकदा भरपाई झाली की परतीची वाट आणखीच अवघड, कारण भरपाईसकट मूळ जनुक परत आणलं तर पेशी उलट मंदावते.

दुसरं कारण ब्रिटनमधल्या सल्फाच्या आकड्यांत आहे. १९९०च्या दशकात तिथे सल्फा कुळातल्या सल्फामेथॉक्झाझोलचा वापर सुमारे ९८ टक्क्यांनी घसरला. लंडनमधल्या एका रुग्णालयात ई. कोलायचे नमुने तपासले तेव्हा १९९१ मध्ये ३९.७ टक्के सल्फाला दाद देत नव्हते. १९९९ मध्ये ४६ टक्के. औषध जवळजवळ नाहीसं, प्रतिरोध उलट किंचित वर. जनुकाचे शेजारी पाहिल्यावर उलगडा झाला. सल्फाचं जनुक ज्या प्लाझ्मिडवर बसलं होतं, त्याच प्लाझ्मिडवर इतर औषधांना तोंड देणारी जनुकंही होती. ती औषधं सर्रास चालू होती. ती दिली की अख्खं प्लाझ्मिड निवडलं जायचं, आणि सल्फाचं जनुक फुकटात पुढच्या पिढीत जायचं, रुग्णाला सल्फाची एकही गोळी न देता.